दोन मीटरवर बांधलेला फोकस

समजा, तुमच्या हातात फोटोची एक रिकामी चौकट आहे. काच नाही, पुठ्ठा नाही, नुसती चौकट. ती डोळ्यांसमोर धरली की तिच्यात मावेल तेवढंच जग तुमचं. भाजीचा अख्खा गाडा हवा? मागे सरका. भाजीवालीच्या डोळ्यांतलं हसू हवं? मग पुढे व्हा. चौकट काही ताणता येत नाही. हलायचं ते आपल्याच पायांनी. भिंग न बदलणारा छोटा कॅमेरा असाच असतो. एवढं लक्षात ठेवा, कारण या गोष्टीतल्या मुलीला हे सगळं शिकवून झालं होतं... आणि ऐन वेळी तिचे पाय हललेच नाहीत.

ही मुलगी चष्म्याच्या दुकानात काम करायची. लोकांच्या नाकावर पट्टी धरून बुबुळांमधलं अंतर मोजायचं, फ्रेमच्या काड्या गरम करून कानामागे बसवायच्या, हे तिचं काम. एका रविवारी बहिणीच्या मुलीला, भिंगरीला, बरोबर घेऊन ती कॅमेऱ्यांच्या दुकानात शिरली. काउंटरवर दोन कॅमेरे होते. दोन्ही खिशात मावणारे, दोन्हींचं भिंग पक्कं बसवलेलं. एकाची नजर रुंद, दुसऱ्याची जरा आवळलेली.

"रस्त्यावर फोटो काढायचेत," ती दुकानदाराला म्हणाली. "कुणाला कळू न देता."

"मग तुम्ही तो दुसरा घ्या." आवाज शेजारी उभ्या असलेल्या एका माणसाचा होता. चिखलाचे बूट, कमरेला मोजणीची टेप आणि हातात पहिला कॅमेरा. "ह्याला माणसाच्या अगदी पुढ्यात जावं लागतं. तुमच्या त्याला लांबून चालतं."

"तुम्हाला कुणी विचारलं?"

"कुणीच नाही. म्हणून तर फुकट सांगतोय."

"आणि तुम्हाला बरा पुढ्यात जायचा धीर आहे?"

"धीर कसला... जोडे खाल्लेत दोनदा."

भिंगरीने मावशीचा दुपट्टा ओढला. "तू ओळखतेस ह्यांना?"

"नाही गं."

"मग हसतेस कशाला?"

तिने लांबून चालणारा घेतला, त्याने जवळ जावं लागणारा. तो नदीवरच्या नव्या पुलाची मोजणी करायला आला होता. पुढच्या रविवारी तो बाजारात पुन्हा दिसला. योगायोग होता म्हणे! त्यालाच ठाऊक. त्याने कॅमेऱ्यांची अदलाबदल सुचवली. एक रविवार हा तुझ्याकडे, एक रविवार तो. दुसऱ्याच्या नजरेनेही बघायला शिकायचं.

शिकवायला तो बसला की भिंगरीही कान टवकारायची. "रस्त्यावरची माणसं आपल्यासाठी थांबत नाहीत," तो सांगायचा. "फोकस जुळवत बसलीस तर माणूस गेलेला असतो. म्हणून भिंगाभोवतीची ही फिरती कडी दोन मीटरवर आणायची आणि तिथेच बांधून ठेवायची. मग माणूस त्या अंतरावर आला की फक्त बटण."

"दोन मीटर म्हणजे केवढं, मोजणीकाका?" भिंगरीने विचारलं.

त्याने टेपला हातच लावला नाही. हात लांब केला. "मावशीला म्हणावं, तूही कर."

तिने केला. बोटांची टोकं बोटांच्या टोकांना लागली... आणि बाजाराचा आवाज क्षणभर कुठेतरी गेला.

"साधारण हे एवढं," तो म्हणाला.

त्यानंतर प्रत्येक रविवारची सुरुवात या मोजणीनेच व्हायची. कधीकधी दिवसातून तीनतीनदा अंतर तपासावं लागायचं. मोजणीवाला माणूस तो, त्याला खात्री कशी होईना कोण जाणे!

त्याने काढलेले फोटो मात्र एक गंमतच असत. म्हातारे, हमाल, कुत्री, सगळे लखलखीत. फक्त ती धूसर.

"वा गुरुजी! मागच्या भिंतीवरची जाहिरात काय छान आलीय. मी मात्र वाफेतून काढल्यासारखी!"

"तू दोन मीटरच्या आत येतेस, त्याला मी काय करू?"

"मी येते? मी तर लिंबाची गाडी बघत उभी होते."

"मग... मी येत असेन," तो म्हणाला आणि कॅमेऱ्याची कडी उगीचच पुसत बसला.

तिला कळलं होतं. चष्मेवालीला नाही कळणार तर कुणाला? पण तिला वाटायचं, त्याने आधी म्हणावं. स्पष्ट, तोंडाने. मग आपण म्हणू.

पूल झाला. त्या रविवारी बसथांब्यावर त्याच्या पायाशी पेटी होती. रुंद नजरेचा कॅमेरा तिच्याकडे होता, तिचा त्याच्याकडे. भिंगरी पेटीवर बसून पाय हलवत होती.

"पुढचं काम लांब आहे," तो म्हणाला. "वर्षं जातील. इथल्या कचेरीत एक जागा आहे, मागितली तर मिळेल. तू सांगितलंस तर मागतो." मग तो पुढे आला. हाताच्या अंतराच्या कितीतरी आत. "बोल ना."

एवढ्या जवळ त्याच्या पापण्यांवरची धूळही दिसत होती. काय करावं ते सुचेना, तेव्हा हाताला सवयीचं जे होतं तेच तिने केलं — कॅमेरा उचलून डोळ्याला लावला. त्याला वाटलं, ती आता कॅमेरा खाली घेईल. तो थांबला. तिने बटण दाबलं.

"बरं," तो म्हणाला. एवढंच. पेटीवरून भिंगरीला उतरवून त्याने तिचा गाल थोपटला आणि तो बसमध्ये चढला. कॅमेरे बदलून घ्यायचे राहिलेच.

तो फोटो तिने घरी पाहिला. कडी दोन मीटरवरच होती. त्याचा चेहरा पुसून टाकल्यासारखा. मागे बसचं चाक, त्याचे नट मोजून घ्यावेत इतके स्पष्ट. तिला वाटलं होतं, जाऊन पत्ता पाठवेल, मग लिहू. पत्ता आला नाही. एकदा ती पुलाच्या कचेरीपर्यंत गेली आणि फाटकाशी, रस्त्याच्या पलीकडे, बराच वेळ उभी राहून परत आली.

भिंगरीचा फ्रॉक दोनदा लांब करून झाला, तेव्हा एका दुपारी दुकानाचं दार ढकलून तो आत आला. बरोबर एक हसरी बाई होती.

"हिला वाचताना त्रास होतो," तो म्हणाला.

चष्मेवालीने त्या बाईला खुर्चीत बसवलं, नाकावर पट्टी धरली आणि अंतर मोजलं. तेवढ्यासाठी फार जवळ जावं लागतं.

"हे म्हणाले, चष्मा करायचा तर इथेच," बाई कौतुकाने म्हणाली. "तुमचा हात फार हलका आहे म्हणे."

"सवय आहे," ती म्हणाली.

"तुझा... तुमचा कॅमेरा आणायचा राहिला," तो हळूच म्हणाला. "कपाटात आहे."

"राहू द्या. तुमचाही आहे ड्रॉवरमध्ये."

भिंगरी कोपऱ्यातून पुढे आली आणि तिने हात लांब केला. "मोजणीकाका! मोजा ना!"

त्याच्या एका हातात छत्री होती, दुसऱ्यात बायकोची पिशवी. तो दोन्ही हातांकडे बघत राहिला. "उंच झालीस गं," तो म्हणाला. "आता ते माप चुकेल."

दार लागलं. मावशी काच पुसत राहिली, आधीच स्वच्छ असलेली.

भिंगरीने ड्रॉवर उघडून त्याचा कॅमेरा काढला.

"लांब उभी राहा," मावशी मान वर न करता म्हणाली. "दोन मीटरवर बांधलाय."

भिंगरीने इतकी वर्षं कुणी न हलवलेली ती कडी दोन्ही अंगठ्यांनी जोर लावून पार जवळच्या टोकापर्यंत फिरवली, मावशीच्या तोंडासमोर स्टुलावर चढून बसली आणि म्हणाली, "रड तू. मी हलत नाही." मग तिने बटण दाबलं.