गिळपट्टा

खांबनगर भर समुद्रात बाराशे खांबांवर उभे होते आणि त्या खांबांना समुद्र नुसता शिवून जायचा. ऐन उधाणातही कपातला चहा हलत नाही, हे तिथले लोक पाहुण्यांना कौतुकाने दाखवत. डॉ. निरंजन दामल्यांना या कौतुकाचा आता वीट आला होता, कारण खांबांची मांडणी त्यांच्याच गणिताने ठरली होती आणि जो तो ते त्यांनाच ऐकवी.

पाण्यातून वर आलेल्या खांबावर लाट फुटते, तिचे तुकडे शेजारच्या खांबांवर आपटतात आणि पाणी चढत जाते. दामल्यांनी खांब असे मांडले, की हे तुकडे आत न घुटमळता बाहेर पडावेत. पण समुद्राला अंत नाही आणि गणित कुठेतरी थांबवावे लागते. म्हणून नकाशाच्या कडेला एक काल्पनिक पट्टा आखतात. तिथे पोचलेली लाट गिळली गेली, ती परत येणार नाही, असे धरून चालायचे. दामले त्याला गिळपट्टा म्हणत. धरून चालायला कोणाच्या बापाचे काय जाते! त्या पट्ट्यात शेवरेपाडा हा कोळीवाडा होता.

तिथल्या चांगुणा वैती एका सकाळी त्यांच्या कार्यालयात आल्या आणि टेबलावर डबा उघडून ठेवला. आत काळा, कुजका गाळ होता. वासाने दामल्यांनी खुर्ची मागे सरकवली.

“माजे चुलीतून काढलाय,” चांगुणाबाई म्हणाल्या. “आमी पन दर्यात खुंट ठोकून जाळी लावतो, साहेब. पानी खुंटाला वळसा घालून पुढं जातं. तुमच्या नकाशात म्हनं ते आमच्याकडं गिळलं जातं. त्याला गिळनार कोन?”

“आमच्या गणितात तिथे कोणी राहत नव्हतं.”

“मंग आता घाला आमाला गनितात. आनि पाड्याम्होरं भिंत बांधा.”

दामल्यांनी त्याच दिवशी गणितात भिंत घातली. पडद्यावरची लाट भिंतीवरून उलटली आणि थेट खांबनगरात शिरली.

खांबनगरचे आयुक्त बर्गे यांनी ते पाहिले. “भिंत नको. सध्या लाट परत येत नाही ना?”

“नाही. घरं मोडतात, त्यात तिचा जोर संपतो.”

“म्हणजे तुमचा पट्टा खराच आहे की! दर वर्षी त्यांना नवी घरं देऊ, फुकट. फक्त जरा हलकी. लाटेचा जोर संपायला किती मोडली म्हणजे पुरे, तेवढं काढून द्या.”

दामल्यांना त्या माणसाची शिसारी आली. आपण नाही म्हटले तर दुसरा कोणी काढून देईल, अशी स्वतःची समजूत घालून ते गणिताला बसले, तेव्हा स्वतःचीही आली. उत्तर एकशे चाळीस आले. पाड्यात घरे एकशे बारा होती.

गाळाचा डबा अजून टेबलावरच होता. नाकाला रुमाल लावून त्यांनी अहवालाची शेवटची ओळ लिहिली: शेवरेपाड्यात आणखी अठ्ठावीस कुटुंबे वसवावीत.