वजा निळा

ती रंगाच्या दुकानात शिरली आणि पहिल्याच पावलाला तिच्या कोपरावर पिवळाधमक थेंब उडाला. डब्याचं झाकण उचकटणाऱ्या रंगवाल्याने जीभ चावली.

"सॉरी, सॉरी! …तसा शोभतोय म्हणा तुम्हाला."

"दुसऱ्याच्या अंगावर सगळंच शोभतं," ती म्हणाली, पण हसू काही तिला लपवता आलं नाही.

ती पलीकडच्या चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर काढायची. तिने पिशवीतून एक लाकडी खुंटी काढून काउंटरवर ठेवली. खुंटीच्या मागे भिंतीचा टवका अजून चिकटलेला होता.

"हा रंग हवाय. अगदी हाच. बाकीच्या दुकानांनी शेडकार्ड दाखवून वाटेला लावलं."

"एवढं काय आहे या रंगात?"

"आमचं जुनं घर पाडलं. बाबांना हल्ली फारसं आठवत नाही. रोज संध्याकाळी पिशवी भरून दाराशी बसतात, 'चल, घरी जाऊ' म्हणतात. निदान त्यांची खोली तरी तशीच…"

रंगवाल्याची थट्टा तिथेच थांबली. त्याने टवका यंत्राखाली धरला आणि पडद्यावर तीन आकडे उमटले.

"हे बघा, हे तीन आकडे म्हणजे तुमचा रंग. कॉलेजात गणितात आम्ही याला व्हेक्टर म्हणायचो. माझ्या पिवळ्याचेही तीन आकडे, लालचे तीन, निळ्याचे तीन. आता पांढऱ्यात पिवळा किती पट, लाल किती पट आणि निळा किती पट मिसळला की बेरीज नेमकी तुमच्या रंगावर येईल, तेवढं शोधायचं."

"आणि येते बेरीज?"

"या तिघांतून कुठलाही रंग मांडता येतो… कागदावर तरी."

मग रोज चष्म्याचं दुकान बंद झालं की ती नमुना बघायला येऊ लागली. नमुना वाळेपर्यंत थांबावं लागे, आणि खरं सांगायचं तर तो लवकर वाळू नये असं दोघांनाही वाटे.

"तुम्ही डोळे बारीक करून बघता. एकदा नंबर काढून घ्या," ती म्हणायची.

"नको. तुम्ही आणखी स्पष्ट दिसायला लागलात तर माझ्या हातून काम व्हायचं नाही."

एका रविवारी त्याने स्वतः येऊन खोली रंगवली. संध्याकाळी तिने बाबांना हाताला धरून आत आणलं. ते सगळीकडे बघत राहिले.

"छान आहे हो," बाबा म्हणाले आणि त्यांनी पिशवी उचलली. "पण हे आपलं घर नव्हे. चल, उशीर होतोय."

तिचा चेहरा पडला. तो खोलीच्या मधोमध हातातल्या ब्रशशी चाळा करत उभा राहिला.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "गणित सोडवलं तेव्हा निळ्याच्या पुढे वजा आलं होतं. आमचा पांढराच मुळात किंचित निळसर असतो. म्हणजे निळा घालायचा नव्हता, काढायचा होता. पण डब्यातला रंग परत कसा काढणार? म्हटलं एवढ्याशाने काय होतंय… आणि वजाच्या जागी मी शून्य धरलं. तुम्हाला सांगितलंही नाही."

तिला राग यायला हवा होता. पण आपल्या बाबांसाठी इतकं खाली मान घालून उभं राहणारं माणूस तिने फार दिवसांत पाहिलं नव्हतं. ती भिंतीकडे पाहत राहिली, मग वर लखलखणाऱ्या पांढऱ्या ट्यूबकडे.

"वजा निळा…" ती पुटपुटली. "अहो, आम्ही पिवळसर काचा विकतो ना! निळा उजेड गाळणाऱ्या! डब्यातून निघत नाही, तर उजेडातून काढू."

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग दोन-दोन पायऱ्या गाळत खाली पळाला आणि पिवळा बल्ब घेऊन धापा टाकत वर आला. ट्यूब बंद झाली, बल्ब लागला. भिंत मऊ झाली, उबदार झाली.

बाबा दाराशी थबकले. त्यांनी भिंतीवरून तळवा फिरवला. हातातली पिशवी कॉटवर ठेवली, आणि मग ते लेकीवरच डाफरले, "अगं, घरी आलेल्या माणसाला उभं काय ठेवलंस? बसा हो तुम्ही. घर लहान आहे आमचं, पण बसायला जागा आहे."

तिला भरून आलं. ती स्वयंपाकघरात पळाली, तसा तोही हळूच मागोमाग आला.

"तुमचे उपकार कसे—"

"उपकार तुमचे. माझं अडलेलं गणित तुम्ही सोडवलंत." तो घुटमळला. "उद्या… येऊ?"

"रंगाचं काम तर संपलं."

"रंगासाठी नाही विचारत मी. तुमच्यासाठी… आणि बाबांसाठीसुद्धा. रोज यावंसं वाटतं."

तिने त्याच्या बाहीचं टोक चिमटीत धरलं, आणि सोडलं नाही.

बाहेरून बाबांचा आवाज आला, "अगं, पाहुणे गेले का?"

"नाही बाबा," ती त्याच्याकडे बघत म्हणाली. "ते थांबतायत."