मधला पट्टा

"लाइट येईपर्यंत ऐका," काका म्हणाले. "आणि तू रे, कानात ती गाण्याची बोंडं घालून रस्ता ओलांडतोस आणि टेम्पोवाल्याच्या शिव्या खातोस. तू जरा जवळ बस."

"शिव्या कानात शिरल्याच नाहीत, काका."

गच्चीवर सगळी पोरं हसली. काका हसले नाहीत.

"माझ्या ओळखीत एक पेंटर होता," ते म्हणाले. "भिंती नव्हे, रस्ते रंगवणारा. त्याच्या बाबतीत घडलेलं आहे हे."

चार वर्षांपूर्वीचा डिसेंबर, दुसरा शनिवार, रात्रीचा दीड. काम साधंच होतं. इस्पितळाच्या फाटकासमोरचे झेब्राचे पट्टे पुसायचे. गाड्या तुंबतात म्हणून साहेबांनी ते पुढे सिग्नलपाशी हलवायचं ठरवलं होतं. जुने पट्टे कुणी खरवडत बसत नाही. वरून काळा रंग फासतात, झालं. पण त्या धंद्यात एक रीत आहे : नवे मारल्याशिवाय जुने पुसायचे नाहीत. आणि त्या रात्री पांढरा रंग आलाच नव्हता. नुसते काळ्याचे डबे.

"पांढरा सोमवारी येईल. आपण काळं उरकून टाकू," ड्रायव्हर टेम्पोतूनच म्हणाला.

"आणि तोवर लोकांनी काय उडत जायचं?"

"तुझी पोरगी त्या फाटकातून येते म्हणून तुझा जीव खालीवर होतोय. अरे, नर्स आहे ती. कुकुलं बाळ नाही."

पेंटरनं डब्याचं झाकण उघडलं. बायको गेल्यापासून घरात बापलेक दोघंच. पोरगी रात्रपाळीला होती, सकाळी इथूनच रस्ता ओलांडणार होती. तरी त्यानं रोलर डब्यात बुडवला. हुकूम तो हुकूम.

हे पट्टेही त्यानंच मारले होते. आजारी नवऱ्यासाठी थर्मासमधून चहा घेऊन निघालेल्या एका म्हातारीला इथं गाडीनं उडवलं, त्यानंतर.

फाटकाच्या बाजूचे दोन पट्टे काळे झाले आणि त्याला वाटलं, कुणीतरी उभं आहे. म्हातारी. हातात थर्मास. पुढच्याच पट्ट्यावर.

"आजी, जा पलीकडे. गाडी नाहीये."

ती हलली नाही.

त्यानं तो पट्टा फासायला घेतला, तशी ती एक पट्टा मागे सरकली. त्यानं पुढचा घेतला. ती आणखी मागे. काळ्यावर पाय ठेवत नव्हती. अर्धा रस्ता झाल्यावर तो पलीकडच्या कडेनं आत येऊ लागला. आता ती मधल्या पट्ट्यावरच उभी राहिली.

टेम्पोचे दिवे उघडझाप करत होते. उजेड झाला की ती. अंधार झाला की... तरीही तीच.

शेवटी मधला पट्टा उरला.

"बाळा," ती म्हणाली, "आता मी कुठं उभी राहू?"

रोलर हवेत. काळा थेंब. टप्... टप्...

"झालं का रे?" ड्रायव्हर ओरडला. "का इथंच मुक्काम करायचाय?"

पेंटरनं डोळे मिटले. आणि रोलर फिरवला.

डोळे उघडले. रस्ता काळा. कुणी नाही.

सकाळी पोरगी आली ती दारातच बसली.

"बाबा, एका आजीनं धरलं मला. रस्त्याच्या मधोमध. सोडेचना."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, जागा गेली गं माझी. आता तुझ्यापाशीच उभी राहते." तिनं बाही वर सारली. "ट्रक एवढ्यावर येऊन थांबला, बाबा. मी ओरडले... शेजारी कुणी नव्हतंच."

तिच्या मनगटावर काळी पाच बोटं. पेंटरचा रंग तर रात्रीच वाळला होता. ही ओली होती. साबण झाला, रॉकेल झालं. निघेनात.

"आज जाऊ नकोस."

"वॉर्डात माणसं आहेत, बाबा. न जाऊन कसं चालेल?"

त्यानं कुणाला विचारलं नाही. कुठूनतरी पांढऱ्याचा डबा पैदा केला आणि रात्री ती कामावर गेल्यावर एकटाच तिथं गेला. टेम्पो नाही. हुकूम नाही. आधी मधला पट्टा मारला. मग बाकीचे. मान वर केली नाही.

पाठीमागे काहीतरी टेकलं. पत्र्याचा बारीक आवाज. थर्मास खाली ठेवावा तसा.

तो वळला नाही.

उजाडताना पोरगी फाटकातून बाहेर आली. पट्ट्यांवरून, सावकाश, बापाकडे. त्यानं तिचा हात उलटासुलटा करून पाहिला.

स्वच्छ.

काका थांबले. खाली रस्त्यावरून एक गाडी सुसाट गेली.

"मग?" जवळ बसवलेला पोरगा म्हणाला. "साहेब रागावले असतील ना?"

"साहेब आले. पट्टे बघितले. मधल्या पट्ट्यापाशी वाकले... आणि तसेच परत गेले. पुसायचं नाव पुन्हा काढलं नाही."

"का? काय होतं तिथं?"

"दरवर्षी पट्टे नव्यानं मारतात. पांढरेशुभ्र. रंग वाळतो... आणि मधल्या पट्ट्यावर..."

काकांनी अंधारात आपला पंजा जमिनीवर टेकवला. पाची बोटं पसरून.

"काळी. आणि हात लावून बघ. अजून ओली."