पोळ्याच्या दिवशी मशीनवर कोण?

गुलमंडीच्या बाजारातल्या दुकानात मी पोळ्यासाठी बैलांचे गोंडे घ्यायला गेले, तर लाल-हिरव्या गोंड्यांची शेवटची जोडी एका उंच मुलाच्या हातात!

“तुमचे बैल कुठले?” मी जरा जरबेनंच विचारलं.

“बैल?” तो गोंधळला. “मी... पडद्यांना बांधायला घेत होतो.”

दुकानदार खो खो हसला, मीही हसले. तो कानापर्यंत लाल झाला आणि गोंडे माझ्या हातात देऊन म्हणाला, “बैलांना माझा नमस्कार सांगा.” गावी, पिशोरला जाताना बसमध्ये मी वाटभर एकटीच हसत होते.

सोमवारी चितेगावच्या आमच्या कारखान्यात बघते तर काय, तोच समोर! कौस्तुभ त्याचं नाव. पुण्याच्या कंपनीनं आमचा कारखाना विकत घेतला होता आणि दोन्हीकडची रीत एक करायला त्याला पाठवलं होतं. मी इथली एचआर, तनुजा सांडू. म्हणजे भांडण ठरलेलंच. काळीज मात्र भांडायला मुळीच तयार नव्हतं.

भांडणाला कारणही लगेच मिळालं. आमच्याकडे पोळ्याला रामकिसनकाकांसारखी शेतकरी मंडळी गावी जातात आणि त्यांच्या मशीनवर आपली पाळी संपवून अन्सारभाईंसारखी माणसं उभी राहतात. ईदला याच्या उलट. काम थांबत नाही, सणही बुडत नाही. फक्त हजेरी लागते ती गावी गेलेल्याच्याच नावावर. पुण्याच्या नियमात ही सरळ फसवणूक, आणि शिक्षा म्हणजे नोकरीच जाणार.

“ही फसवणूक नाही, सख्ख्या भावांत नसेल असा भाईचारा आहे,” मी म्हणाले.

“आणि उद्या अन्सारभाईंचा हात मशीनमध्ये सापडला तर? कागदावर ते तेव्हा कारखान्यात नसतातच. भरपाई कुणाला मिळणार?”

मुद्दा बरोबर होता, म्हणून मला जास्तच राग आला.

त्यानंतर तो रोज मशीनपाशी जाऊन बसू लागला. काकांच्या डब्यातली ज्वारीची भाकरी खायचा, तिखटानं डोळे पुसायचा आणि पुसता पुसता माझ्याकडे बघायचा... मी दुसरीकडे बघायचे. जरा उशिरानंच.

एका दुपारी आम्ही दोघं पत्र्याच्या शेडखाली चहा घेत होतो. पाऊस इतका, की जवळ उभं राहिल्याशिवाय ऐकूच येईना. बरंच झालं!

“पोळा तोंडावर आलाय,” मी म्हणाले. “तुम्ही मनात आणलं तर...”

“मनात आणलंय म्हणूनच तर पंचाईत झालीय.”

“म्हणजे?”

“म्हणजे... आत्ता नाही सांगता येत.” कप ठेवून तो भर पावसात निघून गेला. असला राग आला मला! पळपुटा कुठला!

दुसऱ्या दिवशी या आदलाबदलीवर बैठक. पडद्यावर पुण्याच्या मोठ्या मॅडम, इकडे आम्ही दोघं, रामकिसनकाका आणि अन्सारभाई.

“कौस्तुभ, तुझा निर्णय?” मॅडमनी विचारलं.

तो उभा राहिला. “मॅडम, हा निर्णय मी देऊ नये. माझा इथं स्वार्थ आहे.”

“कसला? जमीन घेतलीस का तिकडे?”

“नाही. मला... तनुजा आवडतात. मी पोळ्याच्या बाजूनं बोललो तर त्यांना खूश करायला बोललो की खरंच पटलं म्हणून, हे माझं मलाच सांगता येणार नाही.”

माझ्या हातातलं पेन खाली पडलं.

“या अल्लाह!” अन्सारभाई पुटपुटले.

“लई उशीर केला, साहेब,” काका म्हणाले. “आमाला तं कवाच कळलं व्हतं.”

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “ठीक. मग ज्यांची गोष्ट आहे त्यांनाच विचारते. बोला काका.”

“आदलाबदल ऱ्हाऊ द्या, बाई. पर ह्यो पोरगा बोलतो ते बी खरं हाय. अन्सार उभा तर नाव बी अन्सारचंच लागू द्या. मी त्येला माझी मशीन शिकवतो, त्यो मला त्याची.”

“आणि हे पुण्यालाही चालू करा,” अन्सारभाई म्हणाले. “सण तं तिकडं बी असत्यात.”

मॅडम हसल्या. “या पोळ्यापासून सुरू. इथून पुढं मात्र हा विषय कौस्तुभकडे नाही. तनुजा, तू एकटीच सांभाळ.”

कौस्तुभ खाली मान घालून बसला होता. कान पुन्हा लालभडक. माझी छाती इतकी धडधडत होती, की वाटलं, पुण्यापर्यंत ऐकू जाईल. मी माइक जवळ ओढला.

“मॅडम... मग मलाही या विषयातून काढा,” मी म्हणाले. “माझाही स्वार्थ आहे.”