कालच्या तारखेची सही

बॉनमधल्या आमच्या दफ्तरखान्यात पेनला बंदी आहे, वाचनकक्षात फक्त पेन्सिल चालते. सव्वीस वर्षं मी दाराशी बसून लोकांची पेनं काढून घेते. भलेभले प्राध्यापक माझ्यापुढे खिसे उलटे करतात. दुसरा नियम असा की, प्रत्येक फाइलच्या आत एक तक्ता चिकटवलेला असतो. फाइल पाहणाऱ्याने त्यावर नाव, तारीख आणि विषय लिहायचा.

कोरिन हॅडिक्स ओहायोची. अमेरिका-युरोप संबंधांवर संशोधन करणाऱ्या अमेरिकन अभ्यासकांना मिळते ती दहा महिन्यांची फेलोशिप घेऊन ती सप्टेंबरात आली. जर्मनीतलं अमेरिकन सैन्य काढून घ्यावं का, यावर १९६६ साली एक खाजगी बैठक झाली होती. तिचं टिपण मिळालं तर कोरिनचं पुस्तक पुरं होणार होतं आणि कॉलेजातली नोकरी टिकणार होती. सहा वर्षांची मुलगी तिने आजीकडे ठेवली होती. मुलीने काढलेलं एक चित्र तिच्या वहीत कायम असायचं. मला ती आवडायची. माझी टिंगलही करायची. म्हणायची, "लोमानबाई, तुमच्या घरी मांजरालाही पास लागतो का हो?"

फेब्रुवारीत ती एक फाइल घेऊन माझ्या टेबलाशी आली. तक्त्यावर तिच्या वरच्या ओळीत 'डब्ल्यू. टॉलिव्हर' अशी सही होती. विषय तिचाच, तारीख कालची, आणि तीही शाईने.

काल या नावाचं कुणी आलं नव्हतं. नोंदवही मीच लिहिते. कुणाचा तरी चावटपणा असेल असं मी म्हटलं. खरं सांगायचं तर मला राग आला तो शाईचा.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या फाइलवर तीच सही, पुन्हा आदल्या दिवसाची. कोरिनचा चेहरा उतरला. कुणी तरी आपल्या पुढे आहे, तोच आधी छापणार, असं तिला वाटलं. शुक्रवारी तिच्या पुढच्या फाइली मी स्वतः तपासल्या. तक्ते कोरे होते. त्या कपाटात घातल्या आणि किल्ली घरी नेली.

सोमवारी कपाट उघडलं. सगळ्या तक्त्यांवर सही होती, रविवारच्या तारखेची. रविवारी आमच्या इमारतीचं हीटिंगसुद्धा बंद असतं.

माझ्या आधी या खुर्चीत ब्रुगेमान होते. त्यांना फोन केला. टॉलिव्हरचं नाव ऐकताच ते म्हणाले,

"अमेरिकन फेलो होता. सज्जन माणूस. हवं ते सापडलंही होतं त्याला. पण रोज निघताना म्हणायचा, फक्त आणखी एक फाइल."

"मग?"

"मग काय. मी देत गेलो."

पुढे काय झालं ते विचारलं, तर शेगडीवर सूप उतू जातंय म्हणाले आणि फोन ठेवला.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात कोरिनला टिपण सापडलं. दोनच पानं होती. ती रडली, आणि कुणाला हात न लावणारी मी, तिचा हात धरून बसले. शुक्रवारी रात्रीचं तिचं विमान होतं. त्या सकाळी ती बॅग घेऊनच आली.

"घरी जा, कोरिन," मी म्हटलं. एरवी मी कुणाला पहिल्या नावाने हाक मारत नाही.

"जाते हो. त्या टिपणात एका फाइलचा उल्लेख आहे. फक्त तेवढी एक बघते."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण तिचा वाचनकक्षाचा पास त्या दिवशी पाच वाजेपर्यंत चालू होता, आणि नियम म्हणजे नियम. मीच फाइल आणून दिली.

तक्ता कोरा होता.

"बघा, या वेळी मी पहिली," ती हसली आणि पेन्सिलीने सही केली.

पाच वाजता तिची खुर्ची रिकामी होती. बॅग लॉकरमध्येच होती. माझ्यासमोरचं दार सोडून बाहेर जायला दुसरी वाट नाही, आणि मी जागची हलले नव्हते.

पोलिसांनी इमारत दोनदा पालथी घातली. ओहायोहून आजीची पत्रं अजून येतात.

ऑक्टोबरात ओरेगनचा एक नवा फेलो आला. विषय तोच. पहिलीच फाइल घेऊन तो माझ्याकडे आला.

"बाई, काल इथे कोण आलं होतं?"

अक्षर ओळखीचं होतं. सी. हॅडिक्स. तारीख कालची.

मी सहीवर बोट टेकवलं. बोटाला निळी शाई लागली.