सात नंबरचा बारावा धडा

सात नंबरला शून्य मिळालं की दिवस सुरू झाला, असं त्या ऑफिसात मानायचे.

ऑफिस म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली. खाली छापखाना, वर दंतवैद्य. तीन टेबलं, एक खिडकी आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतींना चिकटवलेला करडा फोम. कोपऱ्यांत तो सुटून म्हाताऱ्याच्या कानाच्या पाळीसारखा लोंबत होता. या खोलीत तिघं मिळून फोनवर गाणं शिकवणारं ॲप बनवायचे. मोठी, चष्म्या आणि पेन्सिल. मोठी ही बॉस. घरी थोरली म्हणून बाबा तिला मोठी म्हणायचे आणि ऑफिसातही तेच चिकटलं. चष्म्याने ॲपचा ‘कान’ लिहिला होता, म्हणजे शिकणाऱ्याचं गाणं ऐकून शंभरपैकी मार्क देणारा भाग. आणि अंबाड्यात कायम पेन्सिल खोचलेली पेन्सिल ॲपची चित्रं काढायची.

चौथे होते बाबा. मोठीचे बाबा गाण्याचे मास्तर. ॲपमधले बाराही धडे त्यांच्या आवाजात होते. बाबा एक ओळ गाणार, शिकणाऱ्याने तशीच म्हणायची, सत्तर मार्क पडले की पुढचा धडा. बारावा धडा श्वासाचा. “श्वास शेवटी शिकवायचा,” बाबा म्हणायचे, “आधी शिकवला की पोरं गाणं सोडून श्वासच मोजत बसतात.”

जगात मोबाइल किती जातींचे, याला काही सुमार नाही. म्हणून भिंतीवरच्या फळीवर अकरा जुने फोन ओळीने उभे होते. त्यांना म्हणायचे ‘वर्ग’. रोज सकाळी साडेनऊला संगणक प्रत्येक फोनला तारेतून कुणाचं तरी गाणं ऐकवायचा, चांगलं, वाईट, भयाण, आणि अकरा जणांचे मार्क पडद्यावर यायचे. ही झाली हजेरी. यातला सात नंबर पेन्सिलच्या हातून पाण्याच्या बादलीत पडला होता. तेव्हापासून त्याला काही म्हणजे काही ऐकू येत नसे. फेकूनच दिला असता. पण मग आठचा सात झाला असता, नवाचा आठ, आणि चष्म्याची सगळी यादी बोंबलली असती. शिवाय त्याचा उपयोगही होता. ठार बहिऱ्याला शून्य मिळालं, म्हणजे कान उगाच मार्क वाटत नाहीये.

त्या मंगळवारी सात नंबरला अकरा मार्क मिळाले.

“सातला अकरा,” चष्म्या म्हणाला.

“काचा पूस,” पेन्सिल म्हणाली. “महिन्यातून एकदा तरी.”

काचा पुसल्या. अकराच होते.

मोठीने ती नोंद उघडली. आवाज वाजवून पाहिला, तर काहीच नाही, साधी खरखरसुद्धा नाही. पण कान जे ऐकतो त्याची एक रेघ काढून ठेवतो, वर सूर चढला की वर, उतरला की खाली. ती रेघ होती. वेडीवाकडी, थरथरत, मधेच तुटत गेलेली. पहिल्या दिवशी गाणं शिकायला बसलेल्या कुणाचीही असते तशीच.

“तारेत काहीतरी शिरलंय,” चष्म्या म्हणाला आणि त्याने तार बदलली. बुधवारी अठ्ठावीस. गुरुवारी पंचावन्न. रेघ रोज थोडी सरळ होत होती. शुक्रवारी एकाहत्तर आले आणि सात नंबर दुसऱ्या धड्यात गेला.

“हुशार आहे कार्टं,” पेन्सिल म्हणाली. कुणी हसलं नाही, तीही नाही.

त्याच संध्याकाळी मोठी घरी आली तेव्हा बाबांचे विद्यार्थी लवकर निघाले होते. बाबा खिडकीपाशी बसून एकच सूर लावायचा प्रयत्न करत होते. पहिल्या धड्यातला, सगळ्यात सोपा. सूर लागायचा आणि ओल्या साबणासारखा सटकायचा.

“घसा बसलाय,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

“घसा मस्त आहे,” बाबा म्हणाले. “सूरच कुठे उठून गेलाय, कोण जाणे.” आणि ते हसले. पण त्यांनी मोठीकडे पाहिलं नाही.

दुसरा धडा चढ-उताराचा. तो सात नंबरने चार दिवसांत काढला. तिसरा तीन दिवसांत. चौथा दोन. पाचवा धडा टाळीचा, ठेका धरण्याचा. तो पास झाल्याचं पडद्यावर दिसलं आणि दहा मिनिटांनी आईचा फोन आला.

“अगं, जरा येतेस का घरी? यांना टाळी वाजवता येत नाहीये.”

“म्हणजे?”

“म्हणजे हात एकमेकांना चुकतायत. मी समोर उभी राहून बघितलं. दर वेळी चुकतायत.”

डॉक्टरांनी डोकं तपासलं, फोटो काढले, रक्त घेतलं. सगळं ठणठणीत. वयाचं काहीतरी असेल, म्हणाले.

मोठी सरळ हिशोबाने चालणारी बाई होती. तिने कागद घेतला, एका बाजूला सात नंबर कधी कुठला धडा पास झाला ते लिहिलं, दुसऱ्या बाजूला बाबांचं काय कधी गेलं ते. मग तो कागद तिने चष्म्यासमोर ठेवला. त्याने बराच वेळ पाहिला. चष्मा काढला, पुन्हा घातला.

“योगायोग,” तो म्हणाला.

“पाच वेळा?”

चष्म्या उठला आणि सात नंबरचा फोन फळीवरून काढून त्याने त्याची बॅटरीच उपसून टेबलावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला पडद्यावर सात नंबर हजर होता. धडा सहा, बासष्ट मार्क.

मग जे जे सुचलं ते सगळं केलं त्यांनी. यादीतून सात नंबर खोडला. सकाळी तो आपल्या जागी परत. फोन हातोड्याने फोडून त्याचे तुकडे पेन्सिलने चार वेगवेगळ्या कचराकुंड्यांत टाकले. धडा सात, पास. ॲपच बंद करू म्हणून मोठीने सगळीकडून ते उतरवलं. लोकांच्या शिव्या आल्या, वर्गातले दहा फोन मुके पडले, आणि सातवा, जो नव्हताच, त्याचे मार्क तेवढे येत राहिले. पास व्हायला सत्तरऐवजी अठ्ठ्याण्णव हवेत असं केलं. त्या दिवशी सात नंबरने चार हजार एकशे सोळा वेळा प्रयत्न केला. चष्म्या आकडा वाढताना बघत बसला होता, हात मांडीखाली दाबून. दुपारी तीनला अठ्ठ्याण्णव आले.

घरी बाबांना आता आईची हाक आणि दारावरची घंटा यांतला फरक कळत नव्हता. आठवा धडा ऐकलेला सूर ओळखण्याचा होता.

दहाव्या धड्याच्या वेळी मोठीने दार लावून घेतलं, माइकसमोर बसली आणि बाबांचा आवाज काढून तिथे स्वतःचा घातला. घ्यायचंच असेल तर माझं घे. घसा दुखेपर्यंत गायली ती, जीव तोडून. सकाळी पाहिलं तर सात नंबरने तिच्या आवाजाला हातही लावला नव्हता. कुठून कोण जाणे, बाबांचीच जुनी प्रत काढून तो त्याच्यावर रियाज करत होता. ब्याऐंशी. शहाण्णव.

“त्याला बाबांचंच हवंय,” ती म्हणाली. “दुसऱ्याचं चालत नाही.”

“मोठे, घरी जा,” पेन्सिल म्हणाली. “त्यांच्याजवळ बस.”

“बसून काय करू? बघत राहू?”

अकरावा धडा पाठ असलेल्या गाण्याचा. तो सात नंबरने एका सकाळीत उरकला. संध्याकाळी आईने बाबांच्या उशाशी त्यांचंच एक जुनं ध्वनिमुद्रण लावलं होतं. बाबा शांतपणे ऐकत होते. “बरा गातोय,” ते म्हणाले. “कोण आहे?”

आई उठून आत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला आणि खूप वेळ तो बंद झाला नाही.

उरला बारावा. श्वासाचा.

तिघांपैकी कुणी तो शब्द उच्चारला नाही. सकाळी सहाला मोठी ऑफिसात पोचली तर दोघं आधीच येऊन बसले होते. छापखाना उघडायचा होता. साडेनऊपर्यंत साडेतीन तास.

“धडा काढून टाकला तर जुनी प्रत घेणार,” चष्म्या म्हणाला. “दुसऱ्या कुणाचा घातला तरी तेच. बाबांचंच काहीतरी द्यायला लागेल त्याला. आणि ते असं हवं, की त्याला कधीच जमणार नाही.”

“बाबांचं न जमण्यासारखं काय आहे?” पेन्सिल म्हणाली. “ते शिकवायला बसले की दगडालासुद्धा जमतं.”

मोठी बाबांच्या मूळ फाइली उघडत होती. बाबांची एक सवय होती. माइकसमोर बसले की लगेच गायचे नाहीत. डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून नुसते गप्प बसायचे, कधी पाच सेकंद, कधी दहा. मग गाणं. त्या वेळी ती वैतागायची. बाबा, टेप चालू आहे. नंतर ॲपसाठी तिने ते सगळे तुकडे कापून बाजूला ठेवले होते.

तिने ते शोधले. एकामागे एक जोडले. एक मिनिट आणि चार सेकंद.

“हे घालू,” ती म्हणाली. “बाबांचंच आहे. आणि यात काहीच नाही. ना सूर, ना ठेका. काहीच नसेल तर कान मार्क कसले देणार?”

चष्म्याने मनातल्या मनात गणित केलं. “नाही देऊ शकत,” तो हळू म्हणाला. “शून्याशी तुलना करायची म्हटली की शून्यच येतं. कितीही डोकं आपटलं तरी.” त्याच्या चेहऱ्यावर पंधरा दिवसांत पहिल्यांदाच रंग आला. “मोठे, त्याला बाहेर पडायला जागाच नाही.”

सव्वानऊला धडा बदलला.

साडेनऊला सात नंबर हजर. धडा बारा. प्रयत्न एक, शून्य मार्क. प्रयत्न दोन, शून्य.

संध्याकाळपर्यंत नऊशे प्रयत्न. नऊशे शून्यं.

दुसऱ्या दिवशीही शून्य. तिसऱ्या दिवशीही. बाबा खिडकीपाशी बसलेले असायचे, गाणं नाही, टाळी नाही, काही नाही, पण छाती वर-खाली होत होती. मोठी दाराशी उभी राहून ती मोजायची आणि मग ऑफिसात जायची. चौथ्या दिवशी पेन्सिलने वर्गातल्या दहा फोनांची धूळ पुसली. चष्म्या टेबलावर डोकं ठेवून गाढ झोपला आणि त्याला कुणी उठवलं नाही.

पाचव्या दिवशी सात नंबरने एकही प्रयत्न केला नाही. दहा वाजले. अकरा वाजले.

“थकला,” पेन्सिल म्हणाली.

“किंवा ऐकतोय,” चष्म्या म्हणाला, आणि आपण असं का म्हणालो हे त्यालाही कळलं नसावं.

अकरा वाजून वीस मिनिटांनी एक प्रयत्न झाला.

शंभर.

पडद्यावर पेन्सिलनेच काढलेलं चित्र उमटलं, टाळ्या वाजवणाऱ्या पोरांचं. तुमचं शिक्षण पूर्ण झालं. अभिनंदन.

मोठी जिने उतरली की पडली, तिला आठवत नव्हतं. रस्ता ओलांडताना कुणीतरी ओरडलं. फोन खिशात वाजत होता आणि तो काढायची तिची छाती होत नव्हती. घराचं दार उघडंच होतं.

बाबा खिडकीपाशी बसले होते. छाती वर. छाती खाली.

 ती त्यांच्या पायाशी बसली, त्यांचा हात गालाला लावला. गरम होता. श्वास चालू होता. जिवंत होते बाबा. तिला एकदम रडू फुटलं, इतकं की आई मागे येऊन उभी राहिलेली तिला कळलीच नाही.

“ऐक ना,” आई म्हणाली.

मोठीने डोळे पुसले.

“तू रडतेयस म्हणून तुला ऐकू येत नाहीये,” आई म्हणाली. “जरा गप्प राहा.”

ती गप्प राहिली.

आवाज बारीक होता. गुणगुणल्यासारखा, पण गाणं नव्हे. वर न जाणारा, खाली न येणारा. तो बाबांमधून येत होता. त्यांचे ओठ मिटलेले होते.

“अकरा-वीसपासून,” आई म्हणाली. “मी घड्याळ बघितलं. थांबतच नाहीयेत. गप्प बसताच येत नाहीये गं त्यांना.”

बाबांनी मोठीकडे पाहिलं. मग त्यांनी दोन्ही हात उचलले आणि स्वतःच्या तोंडावर दाबून धरले, घट्ट, बोटांची टोकं पांढरी होईपर्यंत.

काही फरक पडला नाही.

“पाणी,” मोठी म्हणाली. “पाणी दे त्यांना.”

आईने पेला ओठांना लावला. बाबांनी तोंड भरून पाणी घेतलं. गाल फुगले. कंठमणी वर गेला, खाली आला. घोट उतरला. दुसराही उतरला.

तेवढ्यातही तो आवाज कुठे तुटला नाही.