न वाजलेली फळी

हे खरं घडलंय. ज्यांना खोटं वाटेल त्यांच्याशी वाद घालायची ताकद माझ्यात नाही. खरंतर आता कशाचीच नाही. दिवसभर बोलून माझा घसा बसलेला असतो, म्हणून लिहितोय.

आणि आधीच सांगतो, यात मध्यरात्र नाही, वादळ नाही. भुतं रात्रीच येतात असं ज्याने कोणी ठरवलं, त्याने भुतांना विचारलेलं दिसत नाही.

ही मंगळवारी दुपारी आली. जेवणानंतर. कामाच्या वेळेत.

आदल्या दिवशी, सोमवारी, आम्ही बंद असतो. त्या दिवशी तीही नव्हती. निदान मला तसं वाटतं. सोमवारी बघायला कोण जाणार?

जागा सांगतो. गावाबाहेर एक उत्खनन आहे. खूप जुन्या काळातलं एक घर जमिनीखाली सापडलं. घर म्हणजे काय, तर गुडघ्याएवढ्या मातीच्या भिंती, एक चूल आणि सारवलेली जमीन. वर पत्र्याची तात्पुरती शेड. लोकांनी जमीन तुडवू नये म्हणून कडेने लाकडी फळ्या टाकल्यात. त्यांवरून चालत बघायचं.

माझी ताई तिथली पुरातत्त्वज्ञ. मी तिथला गाईड. मला ही नोकरी गुणवत्तेवर मिळाली. ताईच्या.

रोज तेच भाषण करतो म्हणून सगळे मला पोपट म्हणतात. छताचं काम बघणारे इंजिनिअर साहेब पोपटराव म्हणतात. आदराने.

भाषणाची सुरुवात अशी : "इथे कोणी राजा राहत नव्हता. एक साधं कुटुंब राहत होतं."

एवढं ऐकलं की लोकांचे चेहरे पडतात. मग तेच तीन प्रश्न येतात. सोनं सापडलं का? सांगाडा आहे का? आणि संडास कुठे आहे?

ताई म्हणते, "लोकांना एकच गोष्ट कळू दे. एकदा खणलं की ते परत न-खणलेलं करता येत नाही. म्हणून जपायचं. बाकी विसरले तरी चालेल."

बाकी ते विसरतातच. हेही विसरतात.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. शेडमध्ये आवाज घुमतो, म्हणून माझ्या कॉलरला माइक असतो आणि लोकांच्या कानात इअरफोन. मी बोलतो, ते ऐकतात.

माझ्या कानात काहीच नसतं.

त्या मंगळवारी निवृत्त मंडळींचा गट होता. मी पुढे, ते मागे. कोपऱ्यातली तिसरी फळी जरा सैल आहे. कोणीही पाय दिला की 'कर्र' असं वाजते. मला इतकी सवय झालीय की चुलीबद्दल सांगताना मी तिच्यासाठी जागा सोडतो. "ही चूल..." कर्र. "बघा, अजूनही..." कर्र.

त्या दिवशी मी थांबलो.

फळी वाजलीच नाही...

वळून पाहिलं. सगळे काका-काकू तिसरी फळी ओलांडून येत होते. एकेक जण, चवड्यांवर, श्वास रोखून. एका काकांच्या गुडघ्याची वाटी बदललेली होती. ते भिंतीला... म्हणजे हवेला हात लावत, लांब टांग टाकत होते.

"काय झालं? फळी मोडली का?" मी विचारलं.

एका काकूंनी ओठांवर बोट ठेवलं. "शूऽऽ! हळू बोला ना जरा. बाळ आत्ताच झोपलंय."

"कोणाचं बाळ?"

"त्या बाईंचं. सांगितलं ना त्यांनी."

"कोणत्या बाई?"

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच विसरभोळा म्हातारा. "तुमच्यासोबत बोलतायत त्या. तुम्ही श्वास घ्यायला थांबलात की त्या बोलतात. छान सांगतात हो. पण आवाज किती दमलाय त्यांचा! रजा देत जा की कधीतरी."

गुडघ्यावाले काका म्हणाले, "कडेकडेने या म्हणाल्या. जमीन ओली आहे म्हणे, आत्ताच सारवलीय."

मी जमिनीकडे पाहिलं. कोरडी ठक्क. भेगा पडलेल्या.

त्या दिवशी कोणी सोन्याबद्दल विचारलं नाही. संडासाबद्दलही नाही. थेट बरोबर दिशेने गेले सगळे.

मी ताईला गाठलं. ती खापरांच्या ट्रेसमोर डोकं धरून बसली होती. छताच्या कामामुळे कित्येक दिवस तिची धड झोप झाली नव्हती.

"ताई, इअरफोनमध्ये बाई बोलते."

"क्रेनवाल्यांच्या वॉकीटॉकीची लहर असेल."

"क्रेनवाले बाळ झोपवतात?"

"पोपट्या, परवा खांबांचे खड्डे आहेत. पावसाच्या आत छत झालं नाही तर हे घर चिखल होऊन वाहून जाईल. मला आता बाई नको, बुवा नको. कळलं?"

कळलं.

बुधवारी एका बँकेतल्या लोकांची सहल आली. मी त्यांना बाईबद्दल काहीही सांगितलं नाही. नुसता ऐकत चाललो.

पहिली फळी. पावलं, खोकला, हसणं.

दुसरी फळी. हसणं कमी झालं.

तिसरी...

काहीच नाही. एवढी माणसं, आणि एका चपलेचाही आवाज नाही.

बँकेतले लोक एवढे शांत मी बँकेतही पाहिले नाहीत.

मी ताईला ओढत आणलं. ती आली ती वैतागूनच. "दाखव तुझी बाई," म्हणत तिने इअरफोन कानात घातला आणि गटाच्या शेवटी उभी राहिली. मी भाषण पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं. चुलीपाशी आल्यावर मुद्दाम थांबलो.

ताईचा चेहरा हळूहळू बदलला.

आणि मग ती मोठ्याने, कोणाकडेही न बघता म्हणाली, "नाही... नाही होणार."

बँकवाल्यांनी मान डोलावली. जणू त्यांनाही हायसं वाटलं.

ताईने इअरफोन काढला. तिसरी फळी ओलांडली. चवड्यांवर. आणि सरळ इंजिनिअर साहेबांकडे गेली.

"कोपऱ्यातला खांब नेमका कुठे येतोय?"

साहेबांनी नकाशा पसरला आणि बोट ठेवलं. तिसऱ्या फळीच्या बरोबर खाली.

"तो हलवा."

"मॅडम, अहो, तिथे काही नाही असं तुम्हीच सांगितलंत. तुमची सही आहे. उद्या खड्डा फोडायला ब्रेकर मशीन येतंय."

"मग तिथला खड्डा आधी मी हाताने खणून बघणार. ब्रेकर लावायचा नाही."

"कारण काय सांगू वर?"

मी म्हणालो, "सांगा की शेजाऱ्यांची तक्रार आहे."

साहेब हसले. ताई हसली नाही.

गुरुवारी आम्ही लोकांसाठी बंद ठेवलं. फळी उचलली. ताईने गुडघे टेकले आणि छोट्या थापीने माती सोलायला घेतली. सोलायलाच म्हणायला हवं. कांद्याचा पापुद्रा निघेल एवढीच निघत होती. मी घमेलं धरून उभा. साहेब घड्याळाकडे बघत उभे.

कोपरभर खोल गेल्यावर थापी थांबली.

ताईने कुंचला मागितला. माती झटकली.

आडवं मडकं. त्याच्या तोंडाला तोंड लावून दुसरं मडकं.

मला अभ्यास नाही, पण हे माझ्या भाषणातच आहे. दुसऱ्या एका उत्खननाचं उदाहरण म्हणून मी रोज सांगतो. काही ठिकाणी त्या काळचे लोक तान्हं मूल गेलं, तर त्याला लांब नेत नसत. घरातच ठेवत. जमिनीखाली, दोन मडक्यांची तोंडं जुळवून...

वरून जमीन सारवत.

रोज सांगतो. सांगताना कधी काही वाटलं नव्हतं.

"सांगाडा असेल का हो आत?" साहेबांनी विचारलं. "पेपरात येईल. तुफान गर्दी होईल बघा."

ताई मडक्यांकडे बघत राहिली. तिच्या कामात असा दिवस फार वेळा येत नाही, हे मला ठाऊक होतं.

मी हळूच विचारलं, "उघडत नाहीस?"

"झोपलंय म्हणाली ना," ताई म्हणाली.

मग ती दचकली. माझ्याकडे बघून पुटपुटली, "हे कुठे बोललास तर कानाखाली देईन."

तिने फोटो काढले, मापं घेतली, कापड घातलं. आम्ही चाळलेली वाळू ओतून खड्डा परत भरला. साहेबांना ती एवढंच म्हणाली, "लिहा, खाली मडकी आहेत. आणि ती तिथेच राहणार आहेत."

"नुसती मडकी?"

"नुसती मडकी."

खांब हलला. शेडच्या पार दुसऱ्या टोकाला, भिंतींच्या बाहेर. तिथे आधी सगळं तपासलं आणि मग ब्रेकर सुरू झाला. धडधडधड... पत्रे थरथरायला लागले.

मी कोपऱ्यात एकटाच होतो. फळी परत बसवून नुकताच बाजूला झालो होतो.

आणि त्या धडधडीतून ऐकू आलं...

कर्र.

फळीवर कोणी नव्हतं.

कर्र... कर्र... कर्र...

एका लयीत. जागं झालेलं मूल खांद्यावर घेऊन कोणी या पायावरून त्या पायावर झुलत राहतं, तसं.

ब्रेकरच्या एवढ्या आवाजात ते मला कसं ऐकू आलं, विचारू नका. मी ताईला हाक मारली. ती आली. बघितलं. पळत जाऊन तिने ब्रेकर बंद करवला. उरलेला खड्डा कामगारांनी पहारीने खणला, मला शिव्या देत.

फळी बराच वेळ वाजत होती. मग सावकाश. मग थांबली.

घरी जाताना मी ताईला विचारलं, "काल तू 'नाही होणार' असं कोणाला म्हणालीस? तिने काय विचारलं होतं?"

ताई कुजबुजली,

"तिने विचारलं... उद्या आवाज होणार आहे का?"

मी विनोद केला नाही. सुचला होता.

त्यानंतर इअरफोनमध्ये कोणाला काही ऐकू आलं नाही. सोनं, सांगाडा, संडास परत सुरू झालं. ताईने कोपऱ्यात पाटी लावली, 'शांतता राखा'. कारण लिहिलं नाही. मी तिथे आपोआप कुजबुजतो. हल्ली घरीही कुजबुजतो. आई म्हणते, "मोठ्याने बोल, तुझं कोण झोपलंय इथे?"

मी स्वतः इअरफोन कधी लावला नाही. लावणारही नाही.

पण हे सगळं आज लिहायचं कारण वेगळं आहे.

उद्या आमच्याकडे एका शाळेची सहल येतेय. प्राथमिक. पूर्ण शाळा. मुख्याध्यापिका बाई फोनवर म्हणाल्या, "मुलं जरा दंगेखोर आहेत हं. पण त्यांना हे दाखवायलाच हवं." खरं आहे. त्यांना नाही दाखवायचं तर कोणाला?

आज संध्याकाळी शेवटचा गट बाहेर पडत होता. एका आजोबांनी इअरफोन माझ्या हातात ठेवला आणि विचारलं, "काय हो, उद्या फार मुलं येणार आहेत का?"

मी हे कोणालाच सांगितलं नव्हतं.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगितलं नाही हो कोणी," आजोबा म्हणाले. "त्या विचारत होत्या. मी म्हटलं, मला काय माहीत, पोपटरावांना विचारून सांगतो."

आणि ते उत्तरासाठी थांबले.

आजोबा गेले कधीच. मी अजून शेडच्या दारात बसलोय. आत काढून ठेवलेल्या माइकचा हिरवा दिवा चालू आहे... तो मी बंद केला होता.

काय सांगू तिला?